शर्यतीची गाडी, दारातली गाडी

अमेरिकन 'मसल कार'चा इतिहास १९६४ सालच्या पॉन्टिअ‍ॅक जी.टी.ओ.पासून सुरू करण्याचा प्रघात आहे. हा प्रघात कितपत योग्य यावर वाद घालता येईल. पण त्याचा एक फायदा असा, की या इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक उसने घेतलेले नाव भेटते. जी.टी.ओ. हे 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' या इटालियन शब्दांचे लघुरूप आहे. त्यातल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ 'मान्यताप्राप्त' असा होतो. म्हणजे अमुक एक गाडी ठरलेल्या संख्येने बांधली गेली आहे आणि म्हणून ती नियमानुसार शर्यतीत उतरण्यास पात्र आहे, असा शिक्का. फेरारीने १९६२ मध्ये आपल्या २५० जी.टी.ओ. या शर्यतीच्या गाडीला हे नाव दिले होते. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन यांनी ते सरळ उचलले.

त्यांच्या गाडीला असा कोणताच शिक्का मिळालेला नव्हता, आणि तो मिळवण्याचा विचारही नव्हता. उलट १९६३ च्या आरंभी जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. शर्यती जिंकून गाड्या खपवण्याचा मार्ग बंद झाल्यावर पॉन्टिअ‍ॅकने टेम्पेस्ट ही मध्यम आकाराची, घरगुती वळणाची गाडी घेतली आणि तिच्यात मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये असा कंपनीचाच दंडक होता. तो टाळण्यासाठी ही नवी गाडी नसून जुन्याच गाडीवर मिळणारा एक जादा पर्याय आहे, असे कागदोपत्री दाखवण्यात आले. पाच हजार खपतील अशी अपेक्षा होती, पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०. नावाच्या बाबतीत मूळ पुरुषही फार सोवळा नव्हता, हे जाता जाता सांगितले पाहिजे. फेरारीने नियमाप्रमाणे शंभर गाड्या बांधायला हव्या होत्या, पण चाळीसही बांधल्या नाहीत. ही जुन्याच गाडीची सुधारित आवृत्ती आहे असे सांगून वेळ मारून नेली गेली.

मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने या दोन जी.टी.ओ. समोरासमोर उभ्या केल्या. उभ्या केल्या म्हणजे मुखपृष्ठावरील चित्रात. चाचणीच्या ठिकाणी फेरारी आलीच नव्हती. पॉन्टिअ‍ॅक आली होती, पण तिच्या पोटात ३८९ ऐवजी ४२१ घनइंचांचे इंजिन दडवलेले होते. कंपनीच्या जाहिरातींची आखणी करणारे जिम वँगर्स यांनी पुष्कळ वर्षांनी ही गोष्ट स्वतःच सांगून टाकली.

ही लबाडी सांगण्यामागे आमचा हेतू निंदेचा नाही. मसल कार नावाच्या वस्तूत पहिल्या दिवसापासून दोन गाड्या नांदत होत्या, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे. एक गाडी शर्यतीच्या चक्रावरची, दुसरी घराच्या दारातली. पहिलीचे नाव दुसरीवर लावले की दुसरी खपते. मग पहिली प्रत्यक्षात अस्तित्वात असावी लागते काय? पुढच्या साठ वर्षांचा इतिहास बराचसा या प्रश्नाभोवती फिरतो.

दारातली गाडी कोणासाठी होती हेही पाहायला हवे. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी १९६४ च्या सुमारास वाहन चालवण्याच्या वयात येत होती. तिला स्वस्तात वेग हवा होता. पण हा वेग सरळ रस्त्यावरचा. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत, पाव मैल, डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर शनिवारी रात्री. त्यासाठी इंजिनाला कमी फेऱ्यांवरच भरपूर ओढ लागते, वळणावर गाडी कशी वागते याला फारसे महत्त्व नसते. त्याच गाडीने सोमवारी कामावर जायचे असते, रविवारी आईवडिलांना चर्चमध्ये न्यायचे असते. तेव्हा मसल कार ही जन्मानेच रोजच्या रस्त्यावरची वस्तू आहे. वळणावळणांच्या शर्यतीचे चक्र हे तिच्यावर बाहेरून केलेले कलम आहे. पुढे अनेक जाणकारांनी हा क्रम उलटा मांडला, आणि खरी गाडी ती चक्रावरची, बाजाराने तिला बिघडवले, असा एक सूर रूढ केला. तो आम्हांला पटत नाही. तरीही त्या कलमाबद्दलचे आमचे कुतूहल कमी होत नाही.

हे कलम सर्वांत स्पष्ट दिसते ते कॅरल शेल्बी यांच्या गाडीत. फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली. फाल्कन या साध्या गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली, किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या बारा महिन्यांत ती चार लाखांहून अधिक खपली. पण शर्यतीच्या जगात तिला काही पत नव्हती. देखण्या चेहऱ्याची, कारकुनांच्या आणि तरुण शिक्षिकांच्या सोयीची गाडी, एवढीच तिची ओळख होती. फोर्डचे ली आयाकोका यांनी हे काम शेल्बींवर सोपवले. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या नियमानुसार अशा किमान शंभर गाड्या बांधलेल्या असायला हव्या होत्या, आणि 'स्पोर्ट्स कार' म्हणवायचे तर आसने दोनच हवीत. शेल्बींनी मागचे आसन काढून टाकले आणि त्या जागी जादा चाक ठेवले. सस्पेन्शन खाली आणले, कडक केले. धुराडी दाराखालून बाजूलाच बाहेर काढली. मागच्या आसाला असा डिफरन्शिअल बसवला, की वळताना तो खाडकन आवाज करी. गाडी फक्त पांढऱ्या रंगात मिळे आणि गिअर हातानेच बदलावे लागत. ही १९६५ ची जी.टी. ३५०. फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्सासमधील ग्रीन व्हॅली येथे केन माइल्स यांनी तिला पहिला विजय मिळवून दिला, आणि त्या वर्षीचे तिच्या वर्गातले राष्ट्रीय विजेतेपद जेरी टायटस यांनी तिच्याच जोरावर पटकावले.

शर्यतीच्या अंगाने पाहिले तर हेतू सफल झाला. बाजारात मात्र १९६५ च्या साऱ्या गाड्या मिळून सहाशेही भरल्या नाहीत, आणि विक्रेत्यांकडून येणारी गाऱ्हाणी ठरलेली होती: आवाज फार होतो, पाठ दुखते, मुलांना बसवायचे कोठे, बायकोला चालवता येत नाही. (शेवटचे गाऱ्हाणे त्या काळातले म्हणून सोडून देऊ.) मग १९६६ च्या गाडीत मागचे आसन परत आले, आपोआप बदलणारे गिअर मिळू लागले, रंग वाढले, धुराडी मागे गेली, आणि तो खडखडणारा डिफरन्शिअल ऐच्छिक झाला. हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने त्यांपैकी हजाराच्या आसपास गाड्या घेतल्या, बहुतेक काळ्या रंगाच्या आणि सोनेरी पट्ट्यांच्या. विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाला शर्यतीची गाडी दिवसाच्या भाड्याने मिळू लागली. काहींनी ती शनिवारी नेऊन खरोखरच शर्यतीत पळवली आणि सोमवारी निमूटपणे परत केली, अशा आख्यायिका आहेत. १९६७ मध्ये वातानुकूलन आले आणि ४२८ घनइंचांच्या इंजिनाची जी.टी. ५०० आली. नाकात जड, वळणावर सुस्त, पण सरळ रस्त्यावर दांडगी. त्या वर्षी जी.टी. ३५० विकल्या गेल्या १,१७५, आणि जी.टी. ५०० विकल्या गेल्या २,०४८. तीन वर्षांत गाडी चक्रावरून उतरून दारात आली. शेल्बींनी आपली गाडी मऊ करून टाकली असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पण १९६५ ची गाडी तशीच ठेवली असती तर १९६७ ची गाडीच निघाली नसती, हे आक्षेप घेणाऱ्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

शेव्हरोलेची कॅमेरो मस्टँगला उत्तर म्हणून सप्टेंबर १९६६ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी 'ट्रान्स-अ‍ॅम' ही शर्यतमालिका सुरू झाली होती आणि तिच्यात इंजिनाची मर्यादा पाच लिटर, म्हणजे ३०५ घनइंच होती. शेव्हरोलेकडे ३२७ घनइंचांचे इंजिन होते ते मोठे पडे, २८३ चे होते ते लहान पडे. विन्स पिगिन्स या अभियंत्याने पहिल्याच्या ठोकळ्यात दुसऱ्याचा क्रँकशाफ्ट बसवण्याची कल्पना लढवली. त्यातून ३०२ घनइंचांचे इंजिन निघाले. कंपनीच्या पर्यायांच्या यादीतला सांकेतिक क्रमांक हेच पुढे गाडीचे नाव झाले: झेड/२८.

नियमाच्या फटीत बसवण्यासाठी घडवलेले हे इंजिन रोजच्या रस्त्यावर कसे वागे? लहान क्रँकमुळे त्याचे दट्टे कमी अंतर सरकत, त्यामुळे ते फार वेगाने फिरवता येई. पण खरी ताकद मिळे ती वरच्या फेऱ्यांतच. झडपा दीर्घकाळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट शर्यतीला उत्तम, मात्र सिग्नलला उभे राहिले की इंजिन थरथरे, गचके देई. क्लच सोडताना पुरेशा फेऱ्या दिल्या नाहीत तर बंदच पडे. पॉवर वाढवून सांगण्याच्या त्या काळात कंपनीने ती २९० अश्वशक्ती एवढीच सांगितली. शहरात कमी फेऱ्यांवर गाडी ओढणाऱ्या मोठ्या व्ही-८ ची सवय झालेल्या अमेरिकन माणसाला ही गाडी चिडचिडी वाटली असल्यास नवल नाही. आपोआप गिअर नाहीत, वातानुकूलन नाही, कंपनीच्या सामान्य माहितीपत्रकात उल्लेखही नाही. १९६७ च्या सुमारे २,२१,००० कॅमेरोंपैकी झेड/२८ होत्या फक्त ६०२.

पण मग मार्क डोनोह्यू आणि रॉजर पेन्स्की यांच्या चमूने १९६८ आणि १९६९ ची ट्रान्स-अ‍ॅम अजिंक्यपदे कॅमेरोला मिळवून दिली. १९६८ मध्ये सात हजारांहून अधिक आणि १९६९ मध्ये वीस हजारांहून अधिक झेड/२८ खपल्या. या एका उदाहरणात शर्यतीने बाजार घडवला हे मान्य करावे लागते. आमच्या मते सबंध इतिहासातले हे सर्वांत प्रामाणिक प्रकरण आहे. जे इंजिन चक्रावर जिंकत होते त्याचेच भावंड लोक विकत घेत होते, त्याच्या गचक्यांसकट.

हा प्रामाणिकपणा टिकला नाही. १९७० पासून ट्रान्स-अ‍ॅमच्या नियमांत सूट मिळाली. रस्त्यावरचे इंजिन मोठे असले तरी शर्यतीसाठी ते लहान करून घ्यावे, असे चालू लागले. त्याबरोबर झेड/२८ मध्ये ३५० घनइंचांचे इंजिन आणि प्रथमच आपोआप गिअर आले. गाडी चालवायला कितीतरी सुखाची झाली. चक्र आणि रस्ता यांना बांधून ठेवणारी दोरी मात्र सैल झाली. ती किती सैल झाली हे शेजारच्या पॉन्टिअ‍ॅकच्या दालनात दिसत होते. तेथे १९६९ मध्ये 'ट्रान्स अ‍ॅम' नावाचीच एक फायरबर्ड निघाली होती. शर्यतीचे नाव वापरल्याबद्दल दर गाडीमागे पाच डॉलर क्लबला द्यायचे ठरले होते. तिचे इंजिन होते ४०० घनइंचांचे. म्हणजे जिचे नाव तिने धारण केले होते, त्या शर्यतीच्या मर्यादेत ते बसतच नव्हते! जी.टी.ओ.चाच वारसा हा. पहिल्या वर्षी ६९७ गाड्या विकल्या गेल्या. दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, १,१७,१०८. मध्यंतरी प्रदूषणाचे कायदे आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ चे तेलसंकट आले. इंजिने मवाळ झाली आणि १९७७ मध्ये बर्ट रेनॉल्ड्स यांच्या एका चित्रपटाने काळ्या ट्रान्स अ‍ॅमला घराघरांत नेले. सर्वांत कमी शक्तीच्या काळात ही गाडी सर्वांत अधिक खपली. झेड/२८ मात्र १९७४ नंतर थांबली होती, ती १९७७ मध्ये परतली.

नियमाखातर बांधलेल्या गाड्यांचे काय होते याचा टोकाचा दाखला क्रायस्लरचा आहे. नॅसकारच्या लंबगोल चक्रांवर वाऱ्याचा अडथळा कमी करण्यासाठी १९६९ मध्ये डॉज चार्जर डेटोना निघाली. पुढे टोकदार नाक, मागे उंच खांबांवर पसरलेला पंख. पाचशे गाड्यांची अट होती, ५०३ बांधल्या. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगा येथे बडी बेकर यांनी या गाडीतून ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. दुसऱ्या वर्षी नॅसकारने अट वाढवली: दर दोन विक्रेत्यांमागे एक गाडी. त्यामुळे प्लिमथला आपल्या सुपरबर्डच्या एकोणीसशेहून अधिक प्रती बांधाव्या लागल्या. फोर्डकडे गेलेले रिचर्ड पेटी या गाडीसाठी परत आले आणि पीट हॅमिल्टन यांनी १९७० ची डेटोना ५०० जिंकली. चक्रावर याहून अधिक काय हवे?

विक्रेत्यांच्या अंगणात मात्र या गाड्या पडून राहिल्या. अठरा फुटांहून लांब, घरच्या गॅरेजात नाक मावेना. मागच्या काचेभोवतीचे सांधे नीट घासायला वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून वरून रेक्झिनसारखे आवरण चढवलेले. पंख इतका उंच का, तर डिकी उघडता यावी म्हणून, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना ती सांगावीशी वाटली यातच त्यांना गाडीत काय हवे होते ते कळते. काही विक्रेत्यांनी नाक आणि पंख उतरवून साधी रोड रनर म्हणून ती विकली. ही रोड रनर म्हणजे सुपरबर्डची मूळ गाडी: कार्टूनमधल्या पक्ष्याचे चित्र, त्याच्यासारखा वाजणारा भोंगा, आत फारशी चैन नाही आणि आरंभीची किंमत तीन हजार डॉलरच्या आत. १९६९ मध्ये ती ऐंशी हजारांवर खपली होती. १९७१ मध्ये नॅसकारने अशा पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनावर ३०५ घनइंचांची मर्यादा घातली आणि हा अध्याय संपला. आज उत्तम स्थितीतल्या सुपरबर्डला लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक मिळाल्याचे दाखले आहेत.

यानंतरच्या चाळीस वर्षांबद्दल येथे फारसे सांगण्याजोगे नाही. कॅमेरो २००२ मध्ये बंद पडली, २००९ मध्ये परतली. त्याआधी २००८ मध्ये डॉज चॅलेंजर परतली होती. आणि मग २०१४ च्या सुमारास तो जुना प्रश्न अगदी प्रयोगशाळेतल्यासारखा स्वच्छ मांडला गेला.

शेव्हरोलेने पुन्हा झेड/२८ काढली. सात लिटरचे, ५०५ अश्वशक्तीचे इंजिन, कार्बन-सिरॅमिक ब्रेक, शर्यतीच्या गाड्यांतले डॅम्पर, पावसात जपून चालवावे लागतील असे टायर. वजन कमी करण्यासाठी मागची काच पातळ केली आणि डिकीतला गालिचा काढला. वातानुकूलन हवे असल्यास वेगळे पैसे द्यायचे. स्पीकर एकच ठेवला, तोही पट्टा न बांधल्यास वाजणारी घंटी कायद्याने आवश्यक म्हणून. किंमत ७५,००० डॉलर. त्याच कंपनीची ५८० अश्वशक्तीची, गालिचा आणि संगीतासह मिळणारी झेड.एल.१ याहून बरीच स्वस्त होती. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर मात्र झेड/२८ अधिक वेगाने धावली. दोन वर्षांत तिच्या दोन हजारही गाड्या निघाल्या नाहीत.

२०१५ च्या मॉडेलसाठी डॉजने चॅलेंजर हेलकॅट काढली. ७०७ अश्वशक्ती, किंमत साठ हजारांच्या जवळपास, वजन दोन टनांच्या घरात. वळणावर ती झेड/२८ च्या जवळही जाऊ शकत नव्हती. पण आपोआप गिअर होते, ऐसपैस मागचे आसन होते, मोठी डिकी होती, आणि पाव मैल अकरा सेकंदांच्या आसपास. मागणी एवढी आली की कंपनीला काही काळ नव्या नोंदी रोखाव्या लागल्या. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूचा १९६४ चा तरुण आता साठी-सत्तरीत होता, त्याच्या नातवालाही तेच हवे होते.

पुढची कॅमेरो हलक्या, नव्या सांगाड्यावर आली. 'मोटर ट्रेंड'ने तिला २०१६ ची सर्वोत्तम गाडी ठरवले. परीक्षकांनी एकमुखाने सांगितले की वळणावर तिच्यासारखी अमेरिकन गाडी दुसरी नाही. तिच्या खिडक्या खंदकाच्या फटीसारख्या होत्या, मागचे आसन नावापुरते होते आणि डिकीचे तोंड अरुंद. तेही परीक्षकांनी लिहिले होते, पण शेवटच्या परिच्छेदात. २०२१ मध्ये अमेरिकेत चॅलेंजर खपल्या ५४,३१४, मस्टँग ५२,४१४ आणि कॅमेरो २१,८९३. चॅलेंजरचा मूळ आराखडा तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्या वर्षी कारखान्यांना चिपांची टंचाई भोवत होती हे खरे. पण अंतर एवढे आहे की ते टंचाईने पूर्णपणे समजावून देता येत नाही. समीक्षकांचे घड्याळ आणि ग्राहकांची पाठ यांचे एकमत क्वचितच होते, आणि साहित्याच्या वर्तुळात वावरणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही. आम्ही येथे ग्राहकाच्या बाजूने झुकतो आहोत, असे कोणाला वाटेल. तसे नाही. १९६७ च्या त्या ६०२ गाड्या नसत्या तर ७५,००० डॉलरच्या गाडीला ते नाव लाभले नसते, आणि सुखासीन कॅमेरोला विकण्यासाठी ती गोष्टही उरली नसती. खप आणि प्रतिष्ठा या दोन वेगवेगळ्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. एकीतली तूट दुसरीत कोठे दिसते, हे कंपनीच्या लेखापालांनाही नेमके सांगता येत असेल असे वाटत नाही.

चॅलेंजरचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले. कॅमेरोचे २०२४ हे शेवटचे मॉडेलवर्ष ठरले. उरली मस्टँग. तिच्या साध्या आवृत्त्या विकल्या जात असतानाच फोर्डने मस्टँग जी.टी.डी. नावाची गाडी काढली. किंमत तीन लाख डॉलरहून अधिक, अश्वशक्ती आठशेहून अधिक. न्युर्बुर्गरिंगची फेरी तिने सात मिनिटांच्या आत पूर्ण केली. येथे जुना क्रम उलटला आहे. रस्त्यावरच्या गाडीला मान्यता मिळवून शर्यतीत नेलेले नाही, तर आधीच शर्यतीत असलेल्या मस्टँगवरून ही रस्त्याची गाडी बेतली आहे. ती दुकानात जाऊन घेता येत नाही, आधी अर्ज करावा लागतो, आणि मग कंपनी ग्राहक निवडते. गिअरपेटी मागे नेल्यामुळे आणि थंडाव्याची यंत्रणाही तेथेच बसवल्यामुळे डिकी उरलेली नाही. मागचे आसनही नाही. १९६५ मध्ये शेल्बींनी ते काढले होते, पण ते क्लबच्या नियमामुळे. या वेळी तसा कोणताच नियम नव्हता.